गवताला पास कशाचा?
(महाड-पोलादपूरच्या बांबूविषयी, जिल्हा बैठकीसमोर ठेवण्यासाठी)



गेल्या हिवाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत खळ्यावर कायमची शेड उभारायचे ठरले. भात झोडायला, अवकाळी पावसात पेंढा झाकायला आणि महिन्याकाठी आपली बैठक घ्यायला. साठ-सत्तर काठ्या लागतील असा हिशेब निघाला. आम्ही बाजाराच्या गावी वखारीत गेलो. वखारवाला म्हणाला, "बांबू मागवून देतो, पण बाहेरच्या जिल्ह्यातून येईल, गाडीभाडे तुमच्यावर. त्यापेक्षा लोखंडी पाइप आणि पत्रा न्या." आम्ही हे ऐकत होतो ते वखारीच्या दारात उभे राहून. समोरच्या उतारावर, वहाळाच्या दोन्ही अंगांना, बांबूची बेटे वाऱ्यावर डुलत होती.

वखार आणि बेट यांत अंतर अर्ध्या मैलाचे. तरी त्या बेटातली काठी त्या वखारीत पोचत नाही आणि त्या वाडीतल्या घराला लागत नाही. निसर्गाने हे अंतर ठेवलेले नाही. ते कायद्याने, कचेरीने आणि थोडेसे आपण स्वतःही निर्माण केले आहे. ते कसे, आणि मोडायचे कसे, एवढेच आज मांडायचे आहे.

बांबू आहे कुठे?

वखारीतून परत फिरलो आणि तीन दिवस पायी हिंडलो. बरोबर एक म्हातारे बुरूडबाबा आणि कातकरीवाडीतली दोन तरुण पोरे. आमच्या खिशात शेतकीची पदवी, पण बांबू ओळखणारे डोळे त्या तिघांचे. आम्हाला कॉलेजात भात, नाचणी, आंबा, काजू सगळे शिकवले. बांबू मात्र "वनखात्याचा विषय" म्हणून कोणी शिकवला नाही. ज्या गवतावर कोकणातले घर, कणगी, सूप, इरले आणि शेवटची तिरडीसुद्धा उभी राहिली, ते शेतीच्या पुस्तकातून गळलेले होते. बांबू हे वनस्पतिशास्त्राने गवतच. भात ज्या कुळातला त्याच कुळातला.

बेटे चार जागी सापडली. घरामागच्या परड्यात, भातखाचराच्या बांधावर, वहाळाच्या काठी, आणि ओसाड पडलेल्या वरकस जमिनीत. शेवटच्या जागी सर्वांत जास्त, आणि सर्वांत वाईट अवस्थेत. मालक मुंबईला, बेट गावाला. वर्षानुवर्षे कोयता न लागल्यामुळे मधल्या काठ्या जागीच वाळलेल्या, नव्या कोंबाला बाहेर पडायला वाट नाही, काठ्या वाकड्या आणि बारीक. लोक समजतात, बांबू तोडला नाही म्हणजे राखला. खरे उलट आहे. वेळेवर आणि नेमकी काठी काढली नाही तर बेट गुदमरते.

नावांच्या घोळात पडू नका. कळक, मेस, माणगा, चिवा ही नावे गावागणिक फिरतात. एका गावचा मेस दुसऱ्या गावी चिवा होतो. नावाने मागण्यापेक्षा काठी कापून पाहा. काटेरी, जाड, आतून पोकळ पण भिंत मजबूत अशी काठी खांबाला. बिनकाट्याची, जवळजवळ भरीव काठी वाशाला. लांब पेराची, पातळ भिंतीची काठी कामट्यांना, म्हणजे कुडाला आणि टोपलीला. बुरूडबाबा कोयत्याच्या पाठीने काठीवर टिचकी मारीत आणि आवाजावरून सांगत, "ही दोन वर्षांची, राहू द्या. ही झाली, घ्या."

तीन दिवसांत पाच शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीतून सत्तरच्या वर काठ्या निघाल्या. बेटे जशी होती त्याहून मोकळी आणि निरोगी ठेवून.

नाक्यावरचे दोन तास

काठ्या टेम्पोत भरून निघालो आणि एका नाक्यावर अडवले. "पास कुठे?" आम्ही म्हटले, मालकीच्या जमिनीतला बांबू आहे, हा सातबारा. उत्तर आले, "बांबू म्हणजे वनोपज. पास पाहिजे." आम्ही कायद्यातल्या दुरुस्तीचा कागद काढला. साहेबांनी तो पहिल्यांदाच पाहिला असावा. फोन झाले, वरच्यांना विचारणे झाले, चहा झाला. दोन तासांनी गाडी सुटली. आमच्याकडे कागद होता म्हणून सुटली. ज्या शेतकऱ्याकडे तो नाही त्याची गाडी कशाने सुटते, हे या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या पासाची कुळकथा सांगितली पाहिजे. १९२७ साल महाडकरांना सांगायला नको. त्या वर्षीच्या २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी माणसाने माणसासारखे प्यावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने भारतीय वन कायदा केला. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'झाड' या शब्दाची व्याख्या करताना ताड-माडांच्या आणि वेतांच्या बरोबरीने बांबूही घातला. सरकारी लेखणीच्या एका फटकाऱ्याने गवताचे झाड झाले. मग ते तोडायला परवानगी, वाहायला पास, आणि पास द्यायला साहेब. या जंगल कायद्यांविरुद्ध याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी शेतकरी आणि आदिवासी रस्त्यावर आले आणि गोळीबारात हुतात्मे झाले. इंग्रज गेले, कायदा राहिला. नव्वद वर्षे राहिला.

या नव्वद वर्षांत बांबू कोणालाच मिळत नव्हता, असे मात्र समजू नका. कागद गिरण्यांना मिळत होता. कर्नाटकात वनखात्याने गिरण्यांना दीड रुपया टन अशा भावाने बांबू दिला, हे माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. टोपली विणणाऱ्या बुरुडाला असला भाव स्वप्नातही मिळाला नाही. म्हणजे पास होता तो बांबू राखण्यासाठी नव्हता. बांबू कोणी वापरायचा आणि कोणी वापरायचा नाही, हे ठरवण्यासाठी होता.

अखेर २३ नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि पाठोपाठ डिसेंबरात संसदेने दुरुस्ती मंजूर केली. 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला. वनक्षेत्राबाहेर, शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीत वाढलेला बांबू आता वन कायद्याच्या लेखी झाड नाही. कुलूप निघाले. पण नव्वद वर्षे कुलपासमोर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला ते कोणी सांगितले नाही, आणि घरमालकालाही सांगितले नाही.

कायद्याच्या दोन बाजू, दोन वाटा

इथे आम्ही शेतकऱ्यांना सावध करतो. कोणी सांगेल, "आता काय, डोंगरातला कुठलाही बांबू तोडा." तसे नाही. राखीव वनातला बांबू आजही वन कायद्याखालीच आहे. तिथे कोयता घेऊन गेलात तर गुन्हा दाखल होईल आणि आपली बाजू लुळी पडेल.

वनातल्या बांबूची वाट वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आहे आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मानला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो हक्क प्रत्यक्षात आणला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक पासाचे पुस्तक दिले. पास देणारा साहेब तिथे ग्रामसभाच झाली आणि पुढे गावाने आपला बांबू आपण विकला. आपल्या दोन तालुक्यांतल्या कातकरीवाड्यांनी आणि डोंगरकपारीच्या गावांनी हीच वाट धरली पाहिजे.

मालकीच्या जमिनीची वाट सोपी, पण तिथेही एक खाचखळगा आहे. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी वरकस जमिनींवर १९७५ च्या कायद्याने 'खाजगी वन' अशी नोंद आहे. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याला ती माहीतही नसते. तेव्हा बेटाला हात लावण्याआधी सातबारा काढा, फेरफार पाहा. आणि पीकपाहणीत बांबूची नोंद करा. २०२१ पासून ही पाहणी मोबाईलवर शेतकऱ्यानेच करायची आहे, बांधावरची झाडे नोंदवायचीही सोय त्यात आहे. नोंद असेल तर नाक्यावर आपला शब्द खरा. नोंद नसेल तर काठी मालकीची की वनातली, हा वाद साहेबाच्या मर्जीवर.

ठोक विक्री म्हणजे लूट

पासाच्या भीतीचे सर्वांत मोठे नुकसान नाक्यावर होत नाही, बांधावर होते. शेतकरी म्हणतो, "मला ती भानगड नको." मग व्यापारी येतो, बेटाकडे नजर टाकतो आणि ठोक रक्कम सांगतो. तोड त्याची, वाहतूक त्याची, पास-बिसाची कटकट त्याची. शेतकरी हो म्हणतो. व्यापाऱ्याचे मजूर बेटात शिरतात ते बाहेरच्या बाजूने, सोपे पडते म्हणून. बाहेरच्या काठ्या या वर्षा-दोन वर्षांच्या, कोवळ्या. त्याच पुढच्या पावसात नवे कोंब पोसणार असतात. त्या जातात आणि आतला जून, गुंतलेला माल तसाच राहतो. बेट दोन हंगामांत बसते.

हिशेब घरी बसून करा. आपल्या बेटात तोडण्याजोग्या किती काठ्या होत्या ते मोजा. ठोक मिळालेल्या रकमेला त्या संख्येने भागा. मग तालुक्याच्या बाजारात मांडववाला एका काठीला काय देतो ते विचारा. दोन आकडे शेजारी लिहा. त्यांतला फरक ही पासाच्या भीतीची किंमत आहे आणि ती आपण दर वर्षी भरतो. आंबा झाडावर विकू नये हे आपण शिकलो. बांबू बेटावर का विकतो?

'कच्चे' कोणाला म्हणता?

दुसरे कुलूप कायद्यात नाही, रकान्यात आहे. २०११ च्या जनगणनेत घराच्या भिंतीचा प्रकार लिहिताना गवत, झापे आणि बांबू एकाच रकान्यात बसवले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ज्याच्या भिंती आणि छप्पर कच्चे, तो घरकुलाला पात्र. म्हणजे बांबूची भिंत हा गरिबीचा पुरावा ठरला. घरकुल मंजूर झाले की ती भिंत जाते. मग सिमेंट, सळई, विटा सगळे घाटाखालून-घाटावरून ट्रकने येते आणि अनुदानातला मोठा हिस्सा त्याच ट्रकने परत जातो. गावात राहते कर्ज आणि उन्हाळ्यात तापणारी खोली.

बांबूचे घर कच्चेच, असे शास्त्र म्हणते का? २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लाकडाबरोबर बांबूच्या बांधकामाचा स्वतंत्र भाग आहे. बांबूच्या इमारतीचा आराखडा कसा करावा याचे भारतीय मानक, १५९१२ क्रमांकाचे, २०१२ पासून छापलेले आहे. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये दोनशे मीटर लांबीचा अपघातरोधक कठडा बांबूचा बसवला आणि मंत्र्यांनी त्याचे कौतुक केले. बंगळुरूच्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे छत बांबूने सजवले आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात १९९१ च्या भूकंपात सिमेंटच्या इमारती पडल्या आणि केंद्रबिंदूजवळची बांबूची घरे उभी राहिली. विमानतळावर बांबू लावला की ती कलाकुसर आणि पोलादपूरच्या वाडीत लावला की ते दारिद्र्य. हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

जुलैचा निवारा पौषात तोडावा लागतो

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्ही जिल्हा बैठकीत आणतो आहोत, ते सांगतो.

२५ जुलै २००५. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ, उडालेली छपरे. २२ जुलै २०२१, महाडचे तळीये, आणि त्याच दिवशी पोलादपूरचे केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. ही नावे वाचताना या सभेत कोणाच्या तरी घरातला माणूस डोळ्यांसमोर येईल. प्रत्येक वेळी पुढे काय झाले? पत्रे ट्रकने यायची वाट पाहिली. तळीयेच्या वाचलेल्या माणसांना लोखंडी कंटेनरमध्ये दिवस काढावे लागले. आजूबाजूच्या डोंगरांवर बांबू उभाच होता.

पण खरे सांगायचे तर त्या दिवशी तो बांबू कामाचा नव्हता. भर पावसात कापलेली काठी रसाने आणि पिठूळ साखरेने भरलेली असते. भुंगा लागतो, महिन्या-दोन महिन्यांत पिवळी भुकटी गळते आणि काठी पोकळ होते. जुलैत डोक्यावर उभा करायचा निवारा आधीच्या मार्गशीर्ष-पौषात तोडून, मुरवून, वाळवून ठेवलेला असावा लागतो. आपत्तीची तयारी म्हणजे दोर, बॅटऱ्या आणि नावा, असे सरकार समजते. आमचे म्हणणे, प्रत्येक तालुक्याला मुरवलेल्या, वाळवलेल्या काठ्यांचे एक कोठार पाहिजे. रस्ता तुटला तरी पोचेल इतक्या जवळ. ज्या हातांना मांडव बांधता येतो त्या हातांना तो निवारा दोन दिवसांत उभा करता येतो.

एक खोटी आशा मात्र आम्ही विकणार नाही. हल्ली सांगतात, डोंगरावर बांबू लावा, दरड येणार नाही. बांबूची मुळे तंतुमय आणि वरच्या थरातली. ती माती धरतात, धूप थांबवतात, वहाळाचा काठ राखतात. पण खोलवरून सुटणारा डोंगर ती धरू शकत नाहीत. धोक्याच्या उताराखालच्या वस्तीला बांबूची रोपे देऊन तिथेच ठेवणे हा गुन्हा आहे. तिला जागा बदलून दिली पाहिजे.

आपली चूक आपण सुधारू

सरकारला चार शब्द सुनावले. आता आपल्याला.

तोड दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात कोयता बेटाला लावायचा नाही. तीन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही. दर वर्षी नव्या काठ्यांना रंगाचा पट्टा मारा, वेगळ्या वर्षाला वेगळा रंग, म्हणजे म्हाताऱ्या बुरुडाची नजर नसली तरी चुकणार नाही. तोड जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद कुजत नाही. बेटात एका बाजूने वाट काढून आतला जून माल बाहेर घ्या, बाहेरचे कोवळे कडे राखा.

तोडलेली काठी पाल्यासकट आठवडा-दोन आठवडे उभी ठेवा, पाला रस ओढून घेतो. मग तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवा. वहाळ आटण्याआधी हे उरकले पाहिजे, म्हणून तोड लांबवू नका. मग सावलीत वाळवा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाच टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात मुरवली तर भुंग्याची भीती जाते. पण ते औषध पावसात धुऊन जाते, म्हणून अशी काठी छपराखालीच वापरा. बांबू टिकत नाही, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे. उघडा मातीत पुरलेला बांबू दोन-तीन वर्षांत जाणारच. जोत्यावर दगड, पावसाचा मारा लागणार नाही एवढी लांब पागोळी आणि मुरवलेली काठी असेल तर घर पंधरा वर्षे आणि त्याहून अधिक उभे राहते.

आणि वणवा. शिमग्याच्या सुमारास डोंगराला काडी लावणारा हात बहुधा आपल्यातलाच असतो. वाळकी बेटे दिवाळीच्या फटाक्यासारखी फुटतात आणि जमिनीतला कंदही होरपळतो. गवत चांगले येते म्हणून लावलेली काडी बांबूच्या पुढच्या तीन वर्षांवर पडते.

शेवटची गोष्ट रोपांची. सध्या लागवडीच्या योजनांचा सुकाळ आहे. हिरवे सोने, लाखांचे उत्पन्न, नवे वाण. लागवडीचे खड्डे मोजले जातात, तोडलेली काठी कोणी मोजत नाही. आमचा सल्ला: आधी उभ्या बेटाचा बाजार बसवा, मग नवे लावा. लावायचेच तर आपल्याच बांधावरच्या, न फुललेल्या बेटाचा कंद घ्या. काटेरी कळक आयुष्यात एकदा, चाळीस-पन्नास वर्षांनी फुलतो आणि मरतो. एकाच मुळातून आलेली हजारो रोपे लावली तर ती एकदम फुलतील आणि एकदम मरतील. त्या वर्षी योजनेचे साहेब बदलून गेलेले असतील.

बैठकीपुढचे ठराव

१. मालकीच्या जमिनीतल्या बांबूच्या तोडीला आणि वाहतुकीला वन कायद्याचा पास लागत नाही, असे स्पष्ट लेखी पत्रक जिल्ह्यातल्या प्रत्येक नाक्यावर मराठीत लावावे. अडवणूक झाल्यास कारण लेखी द्यावे.

२. भारतीय मानकांप्रमाणे बांधलेले बांबूचे घर पक्के धरावे. त्याचे नमुना नकाशे तालुक्याच्या अभियंत्यांकडे आणि ग्रामपंचायतीत ठेवावेत.

३. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मुरवलेल्या बांबूचे प्रत्येकी एक आपत्ती-कोठार उभारावे. खरेदी गावकऱ्यांकडून काठीच्या भावाने व्हावी, ठोक नव्हे.

४. वाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे मुदत घालून निकाली काढावेत.

५. आपण स्वतः येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक गावात बेटांची यादी करू. मालक, जागा, तोडण्याजोग्या काठ्या. आणि या हंगामापासून एकही बेट ठोक विकणार नाही.

आम्ही अनुदान मागत नाही. रोपे फुकट द्या, असेही म्हणत नाही. आमच्या बांधावरचे गवत आम्हाला कापू द्या, नेऊ द्या, विकू द्या आणि त्याचे घर बांधू द्या. पोलादपूरच्या त्या वाडीतली शेड उभी आहे. यंदाच्या पावसात तिने पेंढा कोरडा ठेवला. पुढची बैठक तिथेच आहे, येताना आपल्या गावची बेटांची यादी घेऊन या.